झाकणाखालचे दोन मिलिमीटर

ज्यांच्या घरी जुनी पितळी भांडी अजून टिकून आहेत, त्यांना फिरकीचा तांब्या माहीत असतो. लांबच्या प्रवासाला निघताना त्यात पाणी भरून झाकण फिरवून बसवले जाई. तो पिशवीत उभा राहिला तर पाणी सांडत नसे, पण आडवा झाला की थोड्याच वेळात पिशवीचा तळ ओला होई. झाकण सैल राहिले म्हणून हे घडत नसे. तांब्याला आटे होते, परंतु त्या आट्यांनी दाबावे असे मऊ काही मध्ये नव्हते, आणि पितळेवर पितळ कितीही आवळून बसवले तरी दोन्ही पृष्ठभागांच्या सूक्ष्म उंचसखलपणातून पाण्याला वाट मिळतेच. तेल, शांपू किंवा क्रीमच्या बाटलीविषयी बोलायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते. आटे गळती थांबवत नाहीत. ते झाकणाला खाली ओढतात, एवढेच त्यांचे काम. गळती थांबते ती बाटलीच्या तोंडाचा काठ आणि झाकणाची आतली बाजू जिथे एकमेकांवर दाबली जातात, त्या जेमतेम दीड-दोन मिलिमीटर रुंदीच्या कड्यावर. अमेरिकेतील जॉन मेसन यांनी १८५८ मध्ये काचेच्या बरणीच्या आट्यांचे जे पेटंट घेतले, त्याचे मर्मही हेच होते. आटे बरणीच्या खांद्याला पोहोचण्याआधीच विरून जातील अशी त्यांची रचना होती, जेणेकरून झाकण आट्यांत अडकून न बसता खाली टेकेपर्यंत दाबले जावे.

मी कोल्हापुरात प्लास्टिकचे साचे बनवण्याच्या धंद्यात आहे. उद्यमनगरातल्या आमच्यासारख्या कार्यशाळांत पूर्वी मुख्यतः इंजिनांचे आणि पंपांचे सुटे भाग करणारे येत असत. आता त्यांच्या जोडीने केसांचे तेल, उटणे, फेसवॉश बनवणारे लहान उत्पादक आणि बचत गटही येतात. बाटली दिसायला चांगली हवी, ही त्यांची पहिली मागणी असते. बाटली गळते, ही तक्रार काही महिन्यांनी येते. बाटलीच्या आत बाहेरून काय जाते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक गळती आणि अस्वच्छता ही एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत, कारण बाटलीतून जेवढे बाहेर येते तेवढी जागा भरायला काहीतरी आत जातेच, आणि दोन्हींचा रस्ता त्याच दोन मिलिमीटरांवरून जातो.

काठाचा ठसा

घाऊक बाजारात बाटली एका दुकानातून आणि झाकण दुसऱ्या दुकानातून घेण्याची पद्धत आहे. दोन्हींवर ‘२४/४१०’ किंवा ‘२८/४१०’ असा आकडा सांगितला जातो आणि तो पुष्कळदा नीट ऐकला जात नाही. त्यातला पहिला आकडा तोंडावरील आट्यांचा बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये आणि स्थूलमानाने, सांगतो. दुसरा आकडा आट्यांची पद्धत सांगतो. ४०० म्हणजे साधारण एक वेढा, ४१० म्हणजे दीड आणि ४१५ म्हणजे दोन वेढे, आणि वेढे वाढले की मानेची उंचीही वाढते. आता ४०० च्या आखूड मानेवर ४१० चे उंच झाकण लावले तर व्यास सारखाच असल्यामुळे ते फिरते, बसते, हाताला घट्टही लागते. परंतु तो घट्टपणा झाकणाची खालची कड बाटलीच्या खांद्यावर टेकल्याचा असतो आणि वर काठाशी फट तशीच राहिलेली असते. हे ओळखणे अगदी सोपे आहे. झाकण पूर्ण आवळल्यावर त्याची खालची कड आणि बाटलीचा खांदा यांच्यामधून कागद मोकळा सरकला पाहिजे. तो अडकला तर झाकण चुकीच्या जागी टेकले आहे.

आकडे जुळले तरी काठ सपाट असतोच असे नाही, आणि तो सपाट का नसतो हे बाटली कशी बनते त्यावर अवलंबून आहे. पेट प्लास्टिकची पारदर्शक बाटली दोन टप्प्यांत बनते. आधी परीक्षानळीसारखा दिसणारा प्रीफॉर्म इंजेक्शन पद्धतीने ओततात आणि मग तो गरम करून, ताणून, हवा भरून फुगवतात. त्यात मान पहिल्याच टप्प्यात पोलादी साच्यात घडते आणि पुढे तिला कोणी हात लावत नाही, म्हणून ती नेमकी असते. एचडीपीईची, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिइथिलीनची, दुधी, अपारदर्शक बाटली बहुधा वेगळ्या रीतीने बनते. वितळलेल्या प्लास्टिकची पोकळ नळी वरून खाली सोडतात, साच्याच्या दोन पाळ्या तिच्यावर मिटतात आणि आत हवा फुंकली जाते. यात मानेच्या वर जास्तीचे प्लास्टिक उरते, ते कापावे लागते, आणि दोन पाळ्या जिथे भेटतात तिथे काठावर एक बारीक उभी रेघ राहते. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला ही रेघ वेगळी समजावून सांगावी लागत नाही, कारण कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागावर, साच्याच्या पेटीच्या सांध्याची जी रेघ येते तीच ही. फरक इतकाच की कास्टिंगची रेघ ग्राइंडरने उडवता येते, आणि बाटलीच्या काठावर केसाएवढी रेघ राहिली तरी तेलाला तेवढी वाट पुरते.

फाउंड्रीचाच आणखी एक दाखला इथे उपयोगी पडतो. पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, करणारा कारागीर बिडाच्या आकुंचनासाठी साधारण एक टक्का माप वाढवून घेतो. झाकणे ज्या पॉलिप्रॉपिलीनची करतात ते दीड टक्क्याच्या आसपास आकसते, आणि एचडीपीई त्याहूनही जास्त. चोवीस मिलिमीटरला दीड टक्का म्हणजे ०.३६ मिलिमीटर, आणि झाकणाच्या आतली सील करणारी कडी बाटलीच्या मानेत दाबून बसण्यासाठी जो ताण ठेवतात तोच मुळी एक-दोन दशांश मिलिमीटरांचा असतो. शिवाय साच्यातून बाहेर आल्यावरही प्लास्टिक आकसत राहते, त्यामुळे गरम भाग मोजून ‘माप बरोबर आहे’ असे म्हणण्यात अर्थ नसतो. तो दुसऱ्या दिवशी मोजावा लागतो. भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असली तर दोन्ही बाजू सारख्या आकसत नाहीत आणि गोल मान लंबगोल होते. डोळ्यांना हे दिसत नाही, परंतु गळतीचा ठिपका नेहमी एकाच बाजूला का येतो याचे उत्तर पुष्कळदा त्यातच असते.

काठ तपासण्याची एक स्वस्त युक्ती मी सगळ्यांना सांगतो. शिक्के मारायच्या शाईच्या पॅडवर बाटलीचे तोंड हलकेच टेकवावे आणि कोऱ्या कागदावर सरळ दाबून ठसा घ्यावा. काठ चांगला असेल तर कागदावर अखंड, सारख्या जाडीचे कडे उमटते. मागे एका तेलवाल्या ताईंनी गळणाऱ्या लॉटमधल्या बारा बाटल्या आणल्या होत्या. त्यांचे ठसे आम्ही एका ओळीत घेतले, आणि नऊ कड्यांना समोरासमोर दोन ठिकाणी, बरोबर सांध्याच्या रेघेवर, तुटलेली जागा दिसली. झाकण बदलण्यावर त्यांचे तीन महिने गेले होते.

काठ पुरेसा बरा असला की उरलेला उंचसखलपणा भरून काढायला मऊ पदार्थ लागतो. धंद्यात ज्याला ‘वॅड’ म्हणतात ती झाकणातली फेसाळ चकती हे काम करते. वॅड नसलेल्या झाकणांत आतल्या छताला एक पातळ कडी असते, ती मानेच्या आत उतरते आणि भिंतीला घासून बसते. केसांच्या तेलाच्या बाटलीत लहान भोकाचे ‘इनर प्लग’ दाबून बसवतात, तेही याच तत्त्वावर. तिसरा प्रकार इंडक्शन सीलचा. यात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला खालून प्लास्टिकचा लेप असतो. झाकण लावलेली बाटली यंत्राखालून जाताना बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे पत्र्यात विद्युतप्रवाह फिरतो, पत्रा तापतो आणि लेप वितळून काठाला चिकटतो. लेप बाटलीच्याच जातीच्या प्लास्टिकचा असावा लागतो. पॉलिइथिलीनसाठी असलेले सील पेटच्या बाटलीवर धड चिकटत नाही. १९८२ मध्ये अमेरिकेत शिकागो परिसरात कोणीतरी वेदनाशामक कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळल्याने सात जण दगावले, तेव्हापासून उघडलेले लगेच कळावे अशा बांधणीचा आग्रह जगभर वाढला. मात्र हे सील ग्राहकाने सोलून टाकले की संपले. त्यानंतरची सगळी जबाबदारी पुन्हा झाकणावरच येते, आणि सीलच्या भरवशावर झाकण स्वस्तातले घेणाऱ्यांना हे उशिरा उमगते.

पाण्याची चाचणी पास झालेल्या बाटलीतून तेल का झिरपते, हे कोडेही अनेकांना पडते. पाणी पॉलिइथिलीनवर पसरत नाही, त्याचे थेंब होतात, आणि बारीक फटीच्या तोंडाशी ते अडून राहते. वनस्पतीतेलांचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी, म्हणजे पाण्याचा ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर धरला तर तेलाचा तीस-पस्तीसच्या घरात असतो, आणि त्यामुळे तेल त्याच प्लास्टिकवर पसरते, फटीत ओढले जाते आणि हळूहळू बाहेर चढते. तेलाची बाटली फडताळात न हलवता ठेवली तरी तिच्याभोवती तेलाचे कडे का उमटते, याचे कारण हेच. तेव्हा तेलाच्या बाटलीची परीक्षा तेलानेच घ्यावी.

राहिला प्रश्न किती आवळायचे याचा. धंद्यात एक ठोकताळा चालतो. झाकणाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा, त्याचे निम्मे करावे, आणि तेवढे इंच-पौंड पीळ द्यावा. २४ मिलिमीटरच्या झाकणाला १२ इंच-पौंड, म्हणजे आपल्या परिचयाच्या मापात सुमारे १४ किलो-सेंटिमीटर. हाताने झाकणे लावणाऱ्या ठिकाणी सकाळचा पहिला खोका आणि दुपारी चारचा खोका यांच्या आवळण्यात कमालीचा फरक पडतो. जास्त आवळणे हाही उपाय नव्हे, कारण प्लास्टिक लोखंडासारखे ताण धरून ठेवत नाही; ते हळूहळू सैलावते. आज लावलेले झाकण उद्या उघडताना लागणारा जोर लावतानाच्या जोरापेक्षा बराच कमी, कधी निम्म्याइतका, असतो. त्यात काही बिघडलेले नसते. परंतु आटे सुटेपर्यंत आवळलेले झाकण किंवा दाबाने वाकलेला काठ परत सरळ होत नाही.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली एक चूक इथे सांगतो. एका शांपूच्या बाटलीसाठी मी भिंत पातळ करून जास्त घनतेचे, कडक एचडीपीई सुचवले होते. बाटली हलकी झाली, ताठ उभी राहिली, पाणी भरून पाडून पाहिली तर फुटली नाही. तीन आठवड्यांनी गोदामात एकावर एक रचलेल्या खोक्यांपैकी तळाच्या खोक्यांतून शांपू वाहू लागला. बाटलीच्या बुडाला जिथे साचा प्लास्टिक चिमटून बंद करतो, त्या रेघेवर केसासारख्या चिरा गेल्या होत्या. साबण आणि शांपूतील फेस आणणारी द्रव्ये पॉलिइथिलीनला विरघळवत नाहीत की कुजवत नाहीत. मात्र प्लास्टिक आधीच ताणाखाली असेल तर ती त्या ताणलेल्या जागी शिरून चीर उघडायला मदत करतात. प्रयोगशाळेत याची परीक्षा घेण्यासाठी पॉलिइथिलीनच्या खाच पाडलेल्या पट्ट्या वाकवून तशाच द्रव्याच्या गरम द्रावणात बुडवून ठेवतात आणि किती तासांनी चिरतात ते मोजतात. कडक, जास्त घनतेचे प्लास्टिक या बाबतीत बहुधा कमी टिकते आणि किंचित लवचीक, लांब साखळीचे जास्त टिकते. हे मला पुस्तकात वाचून माहीत होते. तरी बाटलीची परीक्षा मी पाण्यानेच घेतली होती.

उन्हातला टेम्पो

बाटली भरताना ती कार्यशाळेच्या सावलीत असते. प्रवासात ती एप्रिल महिन्यात, बंद टेम्पोत, दुपारी उभी असते आणि आतले तापमान सहज पन्नाशी ओलांडते. याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. काचेच्या बाटलीत १०० मिलिलिटर तेल २५ अंश सेल्सिअसला भरले आणि वर ५ मिलिलिटर हवा ठेवली, असे धरू. तापमान ५५ अंशांवर गेले की तेल सुमारे दोन मिलिलिटरने फुगते. काच जवळजवळ फुगतच नाही. म्हणजे हवेला पाचाऐवजी तीनच मिलिलिटर जागा उरते. हवा दाबली गेल्याने दाब पाच-तृतीयांश पट होतो, आणि ती तापल्याने आणखी दहा टक्के वाढतो. आतला दाब बाहेरच्या पावणेदोन पटींच्या वर गेला. वर हवा १० मिलिलिटर ठेवली असती तर हाच दाब सवापट ते दीडपट यांच्या मध्ये राहिला असता. ‘बाटली गच्च भरलेली दिसली पाहिजे’ या हट्टापायी गळलेल्या बाटल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. प्लास्टिकची बाटली स्वतःही थोडी फुगते आणि भिंती बाहेर देते, म्हणून तिच्यात दाब इतका चढत नाही. पाणी असलेल्या पदार्थात वाफेच्या दाबाची भर पडते ती वेगळीच.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, आणि इथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा-साडेसहा टक्के कमी असतो. इथे झाकण लावलेली बाटली आंबा घाट उतरून रत्नागिरीला पोहोचली की बाहेरचा दाब वाढतो आणि पातळ भिंतीची बाटली पोटात किंचित दबते. तीच महाबळेश्वरच्या दुकानात गेली तर उलट फुगते. गरम क्रीम भरून लगेच झाकण लावले तरी थंड झाल्यावर बाटली अशीच आत ओढली जाते. दबलेली बाटली ग्राहकाला जुनी किंवा बनावट वाटते, पण खरी अडचण आणखी वेगळी आहे. आत दाब कमी आणि बाहेर जास्त असला की सैल काठावरून बाहेरचे सगळे आत ओढले जाते, आणि त्या ‘सगळ्या’त खोक्यातली धूळ आणि दमटपणाही येतो.

आत काय जाते

लोणच्याच्या बरणीला दादरा बांधणारी आणि तिच्यात ओला चमचा घालू न देणारी आजी या विषयातले अर्धे शास्त्र जाणत होती. जंतूंना आणि बुरशीला वाढायला पाणी लागते. निव्वळ तेलात ते वाढत नाहीत. तेलात पडलेल्या पाण्याच्या थेंबात, किंवा पाणी आणि तेल एकत्र घुसळलेल्या क्रीम-लोशनमध्ये मात्र त्यांना मुबलक पाणी मिळते. म्हणून अशा पदार्थांत परिरक्षक, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य, घालावे लागते. ते किती काम करते हे पाहण्यासाठी जी परीक्षा घेतात, तिच्यात पदार्थात जंतू मुद्दाम मोजून सोडतात. आयएसओ ११९३० या आंतरराष्ट्रीय मानकाच्या कडक निकषानुसार जिवाणूंची संख्या सात दिवसांत हजारपटीने घटावी लागते आणि अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत पुन्हा वाढता कामा नये. तयार मालात जंतू किती चालतात त्याचीही मर्यादा आहे: आयएसओ १७५१६ प्रमाणे साधारण सौंदर्यप्रसाधनात ग्रॅममागे एक हजार, आणि डोळ्यांभोवती लावायच्या किंवा तीन वर्षांखालील मुलांच्या प्रसाधनात शंभर. काही जंतू, उदाहरणार्थ स्युडोमोनास एरुजिनोसा, मोजायचेच नसतात. ते मुळात असताच कामा नयेत.

पण परिरक्षकाची ताकद ठरावीक असते, आणि प्रत्येक वेळी नवे जंतू आत गेले की ती खर्ची पडते. बाटलीची रचना इथे कामाला येते. रुंद तोंडाची बरणी सर्वांत वाईट, कारण तिच्यात दिवसातून दोनदा बोट जाते, आणि बोट बहुतेक वेळा ओले असते. तरीही बरणी चालत राहते, कारण ती भरायला सोपी, दिसायला श्रीमंत आणि घट्ट पदार्थाला सोयीची असते. खोबरेल तेलाचे तर विचारूच नका. ते चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठते, कोल्हापुरात थंडीच्या सकाळी ते बाटलीत दगडासारखे बसते, आणि अरुंद तोंडाच्या बाटलीत मग पिन, काडी, विणकामाची सुई असे हाताला लागेल ते घातले जाते. उपाय बाटली कोमट पाण्यात उभी करण्याचा आहे, पण त्यातही बाटली झाकणाच्या वरपर्यंत बुडवली आणि झाकण कडीने नीट बसणारे नसले, तर आतली हवा तापून बाहेर जाते, आणि थंड होताना तीच जागा झाकणाखालून शिरलेले पाणी घेते.

पंप लावलेली बाटली बरी, पण लोक समजतात तितकी निर्दोष नाही. साध्या लोशन पंपात आत एक स्प्रिंग, एक गोळी आणि तळापर्यंत गेलेली नळी असते. दाबले की मापाचे लोशन वर येते. सोडले की तेवढीच हवा दांड्याच्या कडेने आत जाते, नाहीतर बाटली दबून बसेल आणि पंप चालणार नाही. न्हाणीघरात हा दांडा सतत ओला असतो, आणि हवेच्या त्याच वाटेने पाण्याचे थेंबही आत जातात. दांड्याभोवती उंचवटा असलेला आणि हवेचे भोक झाकणाच्या आडोशाला असलेला पंप दोन-तीन रुपयांनी महाग पडला, तरी न्हाणीघरात ठेवायच्या वस्तूसाठी तो घ्यावा, असे माझे मत आहे.

‘एअरलेस’ म्हणून जी बाटली मिळते तिच्यात नळीच नसते. तळाशी एक सरकती चकती, म्हणजे पिस्टन, असतो. वरून लोशन निघाले की बाहेरच्या हवेचा दाब त्याला खालून वर ढकलतो, त्यामुळे आतल्या पदार्थावर हवेसाठी जागाच होत नाही. नावावरून वाटते तशी ती निर्वात नसते. पिस्टनच्या खाली हवाच असते आणि ती येण्यासाठी बुडाला बारीक भोक ठेवलेले असते. एका उत्पादकाने हे भोक म्हणजे दोष समजून त्यावर लेबल चिकटवले होते, आणि मग पंप चालत नाही म्हणून सगळा लॉट परत पाठवायला निघाला होता.

उलट्या उभ्या राहणाऱ्या शांपूच्या बाटलीत झाकणाच्या भोकावर सिलिकॉनचा लहान पडदा असतो, त्याला मधोमध छेद असतात. दाबले की छेद पाकळ्यांसारखे उघडतात, सोडले की मिटतात. अमेरिकेतील मिशिगन राज्यात पॉल ब्राउन यांनी १९९१ च्या सुमारास ही झडप शांपूच्या बाटलीसाठीच तयार केली आणि पुढे ती सॉसच्या बाटल्यांतही गेली. तिचा मोठा गुण असा की धार तुटताना ती स्वच्छ तुटते. साध्या भोकातून शेवटचा थेंब बाहेरच लोंबतो, भोकाभोवती पसरतो, सुकतो, आणि त्या सुकलेल्या थरावर झाकण टेकते. पहिल्या दिवशी घट्ट बसणारे फ्लिप टॉप, म्हणजे बिजागरीचे झाकण, महिन्याभराने नीट का मिटत नाही, याचे कारण हा थर असतो. झडप परवडत नसेल तर भोकाची कड गोलसर न ठेवता धारदार ठेवावी आणि ते आजूबाजूच्या पातळीपेक्षा थोडे उंच असावे. गोल ओठाच्या भांड्यातून ओततानाच दूध बाहेरच्या बाजूने ओघळते, धारदार ओठाच्या भांड्यातून ओघळत नाही. इथेही तेच घडते. झाकणाच्या वरच्या बाजूला अंगठ्यासाठी केलेला खळगा कागदावर देखणा दिसतो, पण न्हाणीघरात तो पाण्याचे तळे होतो. त्याला एका कडेने उतार काढून दिला तर साच्यात काही फारसा खर्च वाढत नाही.

भरण्याच्या दिवसाचाही यात वाटा आहे. रिकाम्या बाटल्यांवर स्थिर विद्युत असते आणि त्या धूळ ओढून घेतात. साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात इथल्या काही भागांत चिमणीतून उडणारी काजळी उघड्या पोत्यातल्या बाटल्यांत उतरते, हे मी पाहिलेले आहे. म्हणून बाटल्या तोंड खाली करून, बंद पिशवीत ठेवाव्यात. धुतल्या तर पूर्ण वाळवाव्यात, कारण तळाशी राहिलेला पाण्याचा एक थेंब न धुतलेल्या धुळीपेक्षा जास्त धोक्याचा ठरू शकतो. क्रीम गरम असतानाच झाकण लावले तर वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला थेंबांच्या रूपाने जमते आणि परत क्रीमवर पडते. त्या थेंबात परिरक्षक जवळजवळ नसते, आणि बुरशीचा पहिला ठिपका म्हणूनच बहुधा मधोमध न येता अगदी वर येतो.

अर्धी संपलेली बाटली नव्या मालाने वरून भरून घेण्याची सवयही अशीच. हात धुण्याच्या द्रवसाबणाच्या भांड्यात जुन्यावर नवे ओतू नये असे अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने रुग्णालयांना २००२ च्या मार्गदर्शनात बजावले होते, कारण तळाचा जुना थर नव्याला नासवतो. पुन्हा भरायची बाटली विकायची असेल तर ती पूर्ण रिकामी होईल, हात आत जाईल आणि पंप सुटा करून वाळवता येईल अशी करावी लागते. आतले कोपरे काटकोनी न ठेवता गोल ठेवले की धुण्याचे आणि शेवटचा थेंब काढण्याचे काम एकाच वेळी सोपे होते.

भारतात विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधने बनवायची तर परवाना लागतो आणि त्याचे नियम २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमावलीत आहेत, तेव्हा प्रयोगशाळेच्या चाचण्या टळत नाहीत. पण बाटली पक्की करण्याआधी स्वयंपाकघराच्या ओट्यावर करता येण्यासारखे काही राहते. बारा बाटल्या खऱ्या मालाने भरून, ठरलेल्या जोराने झाकणे लावून, एक दिवस तशाच ठेवाव्यात. नंतर त्यांतल्या चार उभ्या, चार आडव्या आणि चार उलट्या, टिपकागदावर, उन्हात बंद डब्यात दिवसभर ठेवाव्यात, आणि रात्री सावलीत आणाव्यात. असे सात दिवस. टिपकागद रोज बदलून त्यावर तारीख घालावी. तेलाचा डाग कागदाच्या मधोमध आला की एका बाजूला, हे पाहून मान लंबगोल आहे की वॅड कमी जाडीची आहे याचा अंदाज बांधता येतो. शक्य असल्यास त्यातला एक खोका रत्नागिरीला जाणाऱ्या गाडीत ओळखीच्या चालकाकडे द्यावा आणि परतीच्या फेरीत तसाच परत मागवावा.

आणखी सहा बाटल्या घरातल्या माणसांना वापरायला द्याव्यात आणि जपून वापरा असे अजिबात सांगू नये. महिन्याभराने त्या मागून घ्याव्यात, झाकण उघडावे आणि आत काय उरले आहे ते पाहण्याआधी झाकण उलटे करून त्याच्या आतल्या कडीत, आट्यांच्या शेवटच्या वेढ्यात आणि भोकाच्या मागच्या बाजूला कापसाचा पांढरा बोळा फिरवावा. आमच्याकडे आलेल्या एका फेसवॉशच्या सहापैकी चार झाकणांतून तो बोळा काळा निघाला होता. आतला फेसवॉश तेव्हा अजून चांगला होता.